दाखला हातात देऊन प्रश्न सुटेल काय?

गेल्या पालकसभेत एक सूचना आली, की ज्या विद्यार्थ्याच्या दप्तरात तंबाखूची पुडी किंवा अन्य नशेची वस्तू सापडेल, त्याच्या हातात त्याच दिवशी दाखला द्यावा. टाळ्या पडल्या. सूचना आता विश्वस्त मंडळापुढे जाणार आहे, म्हणून हे लिहीत आहे. मला ती मान्य नाही.

आधी आपल्या इंदूरचेच पाहू. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी घातली. देशात हे पहिलेच राज्य, म्हणून आपण कौतुकही केले. मग पान मसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी अशा दोन माळा टपरीवर लटकू लागल्या. मिसळण्याचे काम गिऱ्हाइकाने करायचे! २००३ च्या कायद्याप्रमाणे शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही आणि अठरा वर्षांखालील मुलाला तर कोठेच विकता येत नाही. आपल्या फाटकापासून हे अंतर कोणी कधी मोजले आहे काय? मुलांची दप्तरे उघडायला मात्र आपण तयार आहोत.

‘नुसती सुपारीच तर खातो’ असे म्हणणारे पालकही भेटतात. तंबाखू नसलेल्या सुपारीनेसुद्धा तोंडाच्या आतली त्वचा ताठरते आणि पुढे तोंड उघडेनासे होते. व्हाइटनर आणि पंक्चरचे सोल्यूशन यांकडे तर आपले लक्षच नसते. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. हुंगण्याची नशा ही एकच अशी निघाली, की जिचे प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आहे. सुमारे ४.६ लाख मुलांना त्यासाठी मदतीची गरज आहे, असे त्यात म्हटले आहे. या नशेत हृदयाची लय बिघडून पहिल्याच खेपेला मृत्यू येऊ शकतो. रुमालाला रसायनाचा वास, नाकातोंडाभोवती पुरळ, डोळे लाल, अभ्यासात अचानक घसरण, ही लक्षणे आईवडिलांनी ओळखायला हवीत.

पण खरा मुद्दा मनाचा आहे. आपण म्हणतो, मुलगा नशेने बिघडला. पुष्कळदा दुःख आधी असते आणि नशा मागाहून येते. परीक्षेची धास्ती, घरात वडिलांचे पिणे, वर्गात मागे पडल्याची लाज. निकोटीनने क्षणभर बरे वाटते. ते उतरले की चिडचिड होते, हात शिवशिवतात, आणि पुन्हा पुडी तोंडात गेली की मूल समजते, हिनेच आपल्याला शांत केले. वास्तविक ती बेचैनी तिनेच दिलेली असते. मेंदूची वाढ विशी ओलांडल्यावरही चालूच असते, त्यामुळे कोवळ्या वयात ही गाठ लवकर आणि घट्ट बसते. झोप जाते, लक्ष लागत नाही, उदासी वाढते.

अशा मुलाला दाखला दिला की त्याला दिवसभर मोकळा रस्ता मिळतो आणि त्याच्या मित्रांना ‘गप्प बसा’ हा धडा मिळतो. आपला अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा, अतिशय कडक. त्यातही जो व्यसनी स्वतः उपचाराला तयार होतो, त्याच्यावर थोड्या प्रमाणातल्या वस्तूसाठी खटला चालत नाही. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ सुरू केले, तेही व्यसन हा आजार मानूनच. शाळेने कायद्याहूनही कठोर का व्हावे?

शाळेत वस्तू विकणाऱ्याची गोष्ट निराळी. ते प्रकरण पोलिसांकडेच जावे. बाकीच्यांसाठी मात्र पालकांना एकट्याने बोलवावे, प्रार्थनेच्या वेळी नावे घेऊ नयेत आणि आठवड्यातून एक दिवस समुपदेशक नेमावा. तोवर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक प्रत्येक वर्गात लिहून ठेवता येईल. आणि गणेशोत्सवात पाहुण्यांपुढे पान मसाल्याच्या पुड्यांचे तबक फिरते, ते याच वर्षी बंद करावे. मुले तेथेच बसलेली असतात.

समुपदेशकाच्या पहिल्या वर्षाच्या मानधनासाठी माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढावी, असे पत्र मी कार्यालयात दिले आहे. माझी रक्कम सोबत जोडली आहे.