अश्वगंधेचा टक्का आणि परीक्षणपद्धतीची निवड

वेष्टनावर विथॅनोलाइडांचा अमुक टक्का छापलेला दिसला की वैद्य निश्चिंत होतात आणि औषधविक्रेतेही. आमच्या मते ही निश्चिंतता अस्थानी आहे. तो आकडा कोणत्या पद्धतीने काढला, हे विचारल्यावाचून त्यास अर्थ नाही.

अश्वगंधेचे प्रयोज्यांग मूळ. पाने मात्र स्वस्त, आणि विथाफेरिन-ए त्यांतच अधिक. केवळ एकूण विथॅनोलाइडांची बेरीज करणारी परीक्षा पाने मिसळलेल्या चूर्णास उलट अधिक गुण देते! आयुष मंत्रालयास २०२१ साली पाने न वापरण्याची सूचना उत्पादकांना करावी लागली, ती उगाच नव्हे. म्हणून प्रथम एचपीटीएलसी करावी. प्रमाणित मुळाशेजारी आपला नमुना चालविला की पानांतील फ्लॅव्होनॉल ग्लायकोसाइडे उघडी पडतात. एका पट्टीवर अनेक नमुने बसत असल्याने खर्चही आवरतो. ओळख पटल्यावर वीर्याचा आकडा एचपीएलसीने, एकेक घटक वेगळा मोजून घ्यावा. (येथे वीर्य शब्द आम्ही व्यवहारातील अर्थाने योजला आहे, शास्त्रातील नव्हे.)

अंशमात्र अशुद्धींस हीच पद्धत लावणे चुकीचे. अफ्लाटॉक्सिनांसाठी प्रतिदीप्ती मोजणारी एचपीएलसी, बाष्पनशील कीटकनाशकांसाठी जीसी, चोरून घातलेल्या स्टेरॉइडांसाठी एलसी-एमएस हवी. पद्धतीची मापनसीमा अनुज्ञेय मर्यादेच्या बरीच खाली नसेल, तर 'आढळले नाही' या शेऱ्याचा अर्थ 'आम्हांस दिसले नाही' एवढाच उरतो. शिसे, पारा तर नेहमीच्या क्रोमॅटोग्राफीत दिसतच नाहीत. त्यांस अणुशोषण किंवा आयसीपी-एमएस लागते. २००४ साली बोस्टन परिसरातील ७० उत्पादनांपैकी १४ मध्ये जड धातू आढळल्याचे प्रसिद्ध झाले, आणि १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांना धातुपरीक्षण अनिवार्य झाले. देशातील रुग्णाच्या वाट्यास ही दक्षता नंतर यावी, हे आम्हांस खटकते.

१८७२ पासून औषधनिर्मितीची परंपरा सांगणाऱ्या पनवेल तालुक्यात, ओवे येथे बसून आम्ही हे लिहीत आहोत. लहान फार्मसीस ही यंत्रे परवडणार नाहीत, हे आम्ही जाणतो. चार-पाच फार्मसींनी मिळून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेशी करार करावा आणि अहवालासोबत मूळ आलेख व मापनसीमा मागून घ्यावी. ती देण्यास जी प्रयोगशाळा कां-कूं करील, तिच्याकडे पुढचा नमुना पाठवू नये.