सवलत नव्हे, आमचेच पैसे!



पुण्यात मिळकतकराचा विषय निघाला की आपले कार्यकर्ते हात झटकतात. "हा सोसायटीवाल्यांचा प्रश्न, आपल्या वस्तीचा नाही," असे सांगतात. मला हे मान्य नाही. जादा वसूल झालेला कर परत कोणाला मिळतो आणि कोणाला मिळत नाही, हे नीट पाहिले तर व्यवस्था कोणाला नागरिक समजते आणि कोणाला अर्जदार, ते उघड होते.

आधी वस्तुस्थिती पाहू. मालक स्वतः राहत असलेल्या घराच्या करपात्र रकमेत 40 टक्के सवलत द्यायची, असा ठराव पुणे महापालिकेने 1970 साली केला. ती जवळपास पन्नास वर्षे चालली. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि 2019 मध्ये राज्य शासनाने तो ठराव विखंडित केला. 1 एप्रिल 2019 पासून नव्याने आकारणी झालेल्या घरांना सवलत मिळेनाशी झाली. जीआयएस सर्वेक्षणात मालक राहत नसल्याची नोंद झालेल्या हजारो जुन्या घरांचीही ती गेली. मार्च 2023 मध्ये कसब्याच्या पोटनिवडणुकीचा निकाल लागला, आणि एप्रिल 2023 मध्ये मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा मान्य केली. मधल्या काळात ज्यांनी पूर्ण बिल भरले, त्यांचे जादा पैसे महापालिकेकडे जमा होते.

ते परत कसे मिळणार? रोखीने नाही. पीटी-3 नावाचा अर्ज भरायचा, घरात स्वतः राहत असल्याचे सिद्ध करायचे. त्यासाठी सोसायटीचे पत्र, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, गॅसचे कार्ड, रेशनकार्ड असे पुरावे. शहरात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रत. अर्ज मंजूर झाला की जादा रक्कम पुढच्या चार वर्षांच्या बिलांतून समान हप्त्यांत वळती होणार.

आता हिशेब करा. सवलतीशिवाय ज्या घराचे बिल 10 हजार, त्याचे सवलतीसह साधारण 6 हजार. म्हणजे सवलत गेली की बिल 40 टक्क्यांनी नाही, दोन तृतीयांशाने वाढते. चार वर्षांत त्या घराने 16 हजार जादा भरले. हेच 16 हजार त्याने थकवले असते तर? महापालिका दरमहा 2 टक्के शास्ती लावते. म्हणजे महिन्याला 320 रुपये, वर्षाला 3,840. तुमची थकबाकी वर्षाला 24 टक्क्यांनी वाढते आणि महापालिकेची थकबाकी वर्षानुवर्षे आहे तेवढीच राहते. सावकार याहून वेगळे काय करतो?

संविधानाचे कलम 265 सांगते की कायद्याच्या अधिकाराशिवाय कर बसवताही येत नाही आणि वसूलही करता येत नाही. भारतीय करार कायदा 1872 सालचा, इंग्रजांचा. त्याचे कलम 72 म्हणते, चुकून मिळालेले पैसे घेणाऱ्याने परत केले पाहिजेत. यात उपकाराची भाषा कुठेही नाही. पण वृत्तपत्रांत आणि नेत्यांच्या फलकांवर शब्द काय येतो? "पुणेकरांना दिलासा." जे देणे लागतात त्यांनी आभाराची अपेक्षा धरायची आणि ज्यांचे घेणे आहे त्यांनी हात जोडून रांगेत उभे राहायचे, ही उलटी रीत आपल्या समाजाला नवीन नाही.

आता "सोसायटीवाल्यांचा प्रश्न" या मुद्द्याकडे येते. 2019 नंतर आकारणी झालेली घरे कोणाची? त्यात मोठे बंगले असतील, गुंतवणुकीचे फ्लॅट असतील. पण धानोरी, विश्रांतवाडी, बोपोडी, येरवडा या भागांत कर्ज काढून पहिल्यांदा एक खोली-स्वयंपाकघर घेणारी आपली पहिली पिढीही त्यातच आहे. आजोबा झोपडीत, वडील चाळीत आणि मुलगा बँकेच्या हप्त्यावर स्वतःच्या दारात. ज्याच्या घराण्यात याआधी मिळकतकराचे बिल कधी आलेच नाही, त्याला आलेले बिल चूक आहे हे कळणार कसे? तो मुदतीत भरतो. सरकारी कागदाला घाबरून भरतो. म्हणजे सर्वात प्रामाणिक माणसाचेच पैसे सर्वात जास्त अडकतात.

आणि पुरावे? समजा, एक बाई सकाळी चार घरची धुणीभांडी करते, दुपारी मेसमध्ये पोळ्या लाटते. तिच्याकडे पासपोर्ट नाही, वाहन परवाना नाही. इमारतीची सोसायटी अजून नोंदलेली नाही, मग पत्र कोण देणार? घर वारलेल्या नवऱ्याच्या नावावर, वारसनोंद राहिलेली. मतदार यादीत पत्ता जुन्या वस्तीचा. ती त्या घरात राहते हे अख्ख्या जिन्याला माहीत आहे, फक्त कागदाला माहीत नाही. पेठ निरीक्षकाकडे जायचे तर एक दिवसाचा रोज बुडतो. दोन-तीन फेऱ्यांत तिच्या वर्षाच्या परताव्याचा मोठा भाग गेला. कोथरूडचा निवृत्त अधिकारी हेच काम एका सकाळी उरकतो. नियम दोघांना एकच, पण समता कुठे आहे?

ठराव एक आणि अंमल दुसरा, हा अनुभव आपल्याला महाडने शिकवला आहे. दोन्ही अन्याय एका मापाचे नाहीत, हे स्पष्ट सांगते. माणूसपणाचा लढा आणि कराचा परतावा यांची बरोबरी होत नाही. पण कार्यपद्धती ओळखीची आहे. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. पाण्यापर्यंत मात्र 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांसोबत चालत जावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 उजाडले. कागदावर हक्क देणे सोपे असते. तो वापरण्याची किंमत मात्र ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडून वसूल होते.

काही जण म्हणतील, एकदम परतावा दिला तर महापालिका चालणार कशी? रस्ते, दवाखाने, शाळा कशावर चालणार? प्रश्न रास्त आहे. महापालिकेच्या शाळेत आपलीच मुले शिकतात. म्हणून मी वळते करण्याला विरोध करत नाही. माझा विरोध आहे तो व्याजाशिवाय वळते करण्याला आणि सिद्ध करण्याचे सगळे ओझे नागरिकावर टाकण्याला. सर्वेक्षण तुम्ही केले, सवलत तुम्ही काढली, तर चूक शोधायलाही तुम्हीच दारात या. वसुलीसाठी दारात येता येते, मग परताव्यासाठी का नाही? आणि 2023 मध्ये हे नियम ठरले तेव्हा महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. मार्च 2022 पासून प्रशासकाचा कारभार होता. वस्तीची अडचण सभागृहात मांडायला कोणी नव्हतेच.

बाबासाहेबांनी कोलंबियाचा प्रबंध सार्वजनिक वित्तावर लिहिला. 1925 मध्ये तो पुस्तकरूपाने आला, प्रस्तावना त्यांचे गुरू सेलिग्मन यांची. कर कोण भरतो, पैसा कुठे जातो, जबाबदार कोण, हे प्रश्न त्यांनी आपल्या चळवळीच्या पायाशी ठेवले. आपण जयंतीची वर्गणी पैशापैशाने तपासतो, मग महापालिकेचे बिल का तपासत नाही?

म्हणून मागण्या सरळ आहेत. ज्या रकमेवर शास्ती 2 टक्के, त्याच दराने जादा रकमेवर व्याज. वस्तीत आणि लहान घरांच्या इमारतींत निरीक्षकाने स्वतः येऊन पंचनामा करावा, शेजाऱ्यांची साक्ष पुरावा मानावी. वारसनोंद अडली म्हणून परतावा अडू नये. नामंजूर अर्जावर कारण लिहून मिळावे.

आणि आपले काम? प्रत्येक विहारात एक रविवार बिल तपासणीसाठी ठेवा. 2019 पासूनची बिले आणि पावत्या एका पिशवीत आणायला सांगा. अर्ज लेखीच द्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात विचारा. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. एकटी बाई गेली तर तिला "उद्या या" म्हणतात. वीस जणी पोच मागायला उभ्या राहिल्या की उद्या आजच उजाडतो.

जय भीम! जय संविधान!