सात दिवस, एक घर आणि वीणेचा पहारा

काही कलावंतांनी एका घरात स्वतःला बंद करून घ्यायचं आणि दिवसरात्र खंड न पाडता तिथंच जगत कला सादर करायची, हा उद्योग महानगरातल्या कलादालनांचा आहे असं समजलं जातं. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीच्या माणसाला मात्र तो परका वाटायचं कारण नाही. बोर धरणाच्या वाटेवरचं हे गाव सेलू तालुक्यात येतं. याच तालुक्यात बोर नदीकाठी संत केजाजी महाराजांचं घोराड आहे आणि अखंड हरिनाम सप्ताह या मुलखाच्या अंगवळणी पडलेला आहे. सात दिवस मंदिरातली वीणा खाली टेकत नाही. पहाटे काकडा, मग पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि या सगळ्याच्या आतून वाहणारा वीणेचा पहारा. सामूहिक सहनशक्तीच्या सादरीकरणाचं इतकं मुरलेलं शास्त्र घरात असताना या कलेचं नियोजन करणारे त्याच्याकडे वळत नाहीत, याचं वाईट वाटतं.

सप्ताहातलं मर्म पहाऱ्यात आहे. कोणी एक माणूस सात दिवस जागत नाही. ज्याच्या गळ्यात वीणा असते तो ठरलेली वेळ उभा राहतो. पुढचा येतो, नमस्कार होतो, वीणा गळ्यातून गळ्यात जाते. फळ्यावर वेळा आणि नावं लिहिलेली असतात. रात्री दोन ते चारचा पहारा कोणाकडे, हे आधी ठरलेलं असतं आणि तो माणूस उठला नाही तर कोणी उठवायचं हेही ठरलेलं असतं. अखंड राहते ती वीणा. माणसांना झोप मिळते.

जगात गाजलेल्या अशा सादरीकरणांत उलट घडलं. तिथं अखंडता एकेकट्या शरीरावर लादली गेली. तैवानहून न्यूयॉर्कला गेलेल्या तेहचिंग श्येने 30 सप्टेंबर 1978 पासून एक वर्ष स्वतःला लाकडी पिंजऱ्यात बंद करून घेतलं. पिंजरा साडेअकरा फूट लांब, नऊ फूट रुंद, आठ फूट उंच. बोलायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही, रेडिओ-टीव्ही नाही. या कामाबद्दल लिहिणारे श्येच्या निग्रहाबद्दल भरभरून लिहितात, आणि तो निग्रह थक्क करणारा आहेच. पण रोज त्याचं जेवण आणून देणारा आणि त्याची घाण उचलून नेणारा एक मित्र होता. त्या मित्राशिवाय हे वर्ष आठवडाभरही चाललं नसतं. नियोजन करणाऱ्याने पहिलं नाव त्या मित्राचं लिहायला हवं.

याच श्येने पुढे लिंडा मोंटानो या कलावतीबरोबर 4 जुलै 1983 पासून वर्षभर आठ फुटांच्या दोरीने स्वतःला बांधून घेतलं. घरात असताना दोघांनी एकाच खोलीत राहायचं, पण एकमेकांना स्पर्श करायचा नाही. दोघं जाणते, दोघांची संमती, हेतू स्पष्ट. तरीही वर्ष सरताना त्यांच्यातला संवाद पार आटला होता. दोनच माणसांची ही गत, तर आठ जणांचं काय होईल याचा विचार आधी कागदावर व्हायला हवा.

समजा हिंगणीत एखादं कवेलूचं जुनं घर घेऊन आठ कलावंतांनी सात दिवस असं सादरीकरण करायचं ठरवलं. कल्पनेची वही बाजूला ठेवून त्यांनी आधी पाण्याचा हिशेब मांडावा. जल जीवन मिशनने गावातल्या माणसासाठी दिवसाला 55 लिटर पाणी धरलं आहे. आठ जणांचे सात दिवस म्हणजे 3,080 लिटर. ते नळाला येणार, विहिरीतून शेंदावं लागणार की टँकरने आणणार? स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे 100 वॅट उष्णता बाहेर पडते. आठ माणसं बंद खोलीत बसली की 800 वॅटचा हीटर सतत चालू ठेवल्यासारखं होतं. मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 अंशांवर जातो. त्या दिवसांत दारं-खिडक्या लावून असं काही करणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं आहे. त्याला कोणी कलेचं नाव देऊ नये. संडास एक असेल तर आठ जणांच्या सकाळचं काय, हा प्रश्न बैठकीत विचारायला लाज वाटते, म्हणून तो तिसऱ्या दिवशी भांडण होऊन पुढे येतो.

ऋतू निवडताना गावाचाही विचार हवा. सोयाबीनची काढणी, मग कापसाची वेचणी, मग तूर. या काळात गावाला मान वर करायला फुरसत नसते. प्रेक्षक येणार नाहीत आणि जे मदतीला येतील त्यांची मजुरी बुडेल. माघ-फाल्गुन बरा. हवा सुसह्य असते आणि बरंचसं पीक घरात आलेलं असतं. शिवाय हिंगणी बोर व्याघ्र प्रकल्पाच्या वाटेवर आहे. रात्री-अपरात्री प्रेक्षकांना गावाबाहेरच्या रस्त्याने चालत आणण्याची कल्पना कितीही रम्य वाटली तरी ती सोडून द्यावी.

आता मुख्य मुद्दा. बंद जागेत दाटीने राहणं हा कलावंतासाठी प्रयोग असतो. महाराष्ट्रात लाखो माणसांचं ते आयुष्य होतं आणि आहे. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. तिथं संसार झाले, बाळंतपणं झाली, दहावीचे अभ्यास झाले. गिरणगावात एकेका गाळ्यात इतके कामगार राहत की पाळीनुसार झोपावं लागे: एक कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा होई. त्यांच्या जेवणाची व्यवस्था खानावळवाल्या बायका सांभाळत. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळातून या बायकांना संघटित केलं, तोवर त्यांचे कष्ट कोणाच्या हिशेबातच नव्हते. अमोल पाटील या मुंबईच्या कलावंताने चाळीतलं आणि सफाई कामगारांचं जगणं आपल्या कामात आणलं. 2022 मध्ये ते जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात मांडलं गेलं. ही माणसं ज्याला जगणं म्हणतात त्याला आपण सात दिवस कला म्हणणार असू, तर त्यांच्याकडून शिकल्याशिवाय दार लावून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही, असं प्रस्तुत लेखकाचं ठाम मत आहे.

वर्ध्याला तर आणखी जवळचा धडा आहे. 1936 मध्ये गांधीजी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले तेव्हा आदि निवास या एकाच झोपडीत ते स्वतः, कस्तुरबा, सहकारी आणि पाहुणे असे सगळे एकत्र राहत. पुढे गर्दी वाढली तशी नव्या कुट्यांची सोय झाली. मीराबेनची कुटी गांधीजींकडे आली, तीच आजची बापू कुटी. प्रार्थना, सफाई, स्वयंपाक, सूतकताई यांची वेळ बांधलेली होती आणि झाडू कोणालाच चुकत नव्हता. एकत्र राहण्याची शिस्त म्हणजे काय, हे पाहायला न्यूयॉर्कला जावं लागत नाही. हिंगणीहून सेवाग्रामला जाऊन दिवसाउजेडी परत येता येतं.

कलेतलं अलीकडचं जवळचं उदाहरण गोव्यातल्या एका कलावंताचं. निखिल चोप्रा यांनी 2014 च्या कोची बिएनालेत अ‍ॅस्पिनवॉल हाऊसमधल्या कोठडीवजा खोलीत दोन दिवसांहून अधिक काळ राहून भिंतींवर चित्र काढलं. 2019 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात ते नऊ दिवस राहिले. तिथंच जेवले, झोपले, चित्र काढत राहिले. एकट्याच्या कामाइतकंच महत्त्वाचं म्हणजे त्यांनी सहकाऱ्यांसह गोव्यात उभी केलेली ‘एचएच आर्ट स्पेसेस’ ही संस्था. तिथं कलावंत येऊन राहतात, सोबत काम करतात. एकत्र जेवण्या-राहण्याची सवय असलेल्या माणसांनीच अशा सादरीकरणात उतरावं. पहिल्या दिवशी ओळख आणि दुसऱ्या दिवशी दार बंद, असं करू नये.

तसं केलं की काय होतं ते ‘बिग बॉस मराठी’त दिसतं. 2018 पासून हा कार्यक्रम लोक आवडीने पाहतात, पण त्याची रचना खटका उडावा म्हणूनच केलेली असते. कलावंतांनी ती उसनी घेऊ नये. भांडण होणारच, ते कोण ऐकून घेणार, हे आधी ठरवावं.

आणि थांबवणार कोण? 1971 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ फिलिप झिम्बार्डो यांनी विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी बनवून तळघरात तुरुंग उभारला. ठरवले होते 14 दिवस; सहाव्या दिवशी बंद करावं लागलं. झिम्बार्डो स्वतःच तुरुंग अधीक्षकाच्या भूमिकेत शिरले होते, त्यामुळे चाललेला छळ त्यांच्या नजरेस येईना. बाहेरून आलेल्या क्रिस्टिना मास्लाक यांनी खडसावलं तेव्हा त्यांना भान आलं. त्या प्रयोगावर पुढे पुष्कळ टीका झाली, पण नियोजनापुरता त्यातून एक नियम नक्की काढता येतो: जो आत आहे त्याच्याकडे थांबवण्याचा एकट्याचा अधिकार नसावा. बाहेरच्या एका माणसाकडे किल्ली हवी आणि त्याचा शब्द अखेरचा हवा. त्याखेरीज आतल्या प्रत्येकाला कारण न सांगता, कमीपणा न वाटता बाहेर पडता यावं. सप्ताहात पहारेकऱ्याला ताप आला तर दुसरा उभा राहतो, कोणी त्याला हिणवत नाही.

खर्चाच्या कागदावर शेवटी स्वयंपाकाचं नाव येतं, ते वर न्यावं. गावातल्या ज्या बायका सात दिवस पोळ्या लाटतील, भांडी घासतील, त्यांना किमान शेतमजुरीइतका रोज द्यावा आणि त्यांची इच्छा असेल तर पत्रकावर कलावंतांच्याच ओळीत त्यांची नावं छापावीत. आठव्या दिवसाचीही तरतूद हवी: डॉक्टरची तपासणी, पुरेशी झोप, घर मालकाला होतं तसं परत करणं आणि गावाबरोबर एक पंगत. सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने आणि महाप्रसादाने होते, कारण सात दिवसांचा ताण उतरवायलाही वेळ आणि रीत लागते. कलावंतांनी त्यासाठी पैसे बाजूला काढले नसतील, तर दिवस सातावरून सहा करावेत.