फेडलेल्या कर्जाचा बोजा कोण उतरवणार?



सातबाऱ्यावरचा बोजा आपल्याला कळतो. कर्ज फेडले, बँकेचे पत्र तलाठ्याकडे दिले, फेरफार झाला की बोजा उतरतो. चार चकरा होतात, पण निदान कागद डोळ्यांपुढे असतो. आता आपला दुसरा एक सातबारा तयार झाला आहे. तो ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्यांच्या संगणकात असतो. त्यावर काय लिहिले आहे, हे बँकेच्या साहेबाला माहीत असते. ज्याच्या नावावर लिहिले त्याला नसते.

घरात ऑपरेशन निघते. पीककर्ज बियाण्या-खतात गेलेले, कापूस अजून झाडावर. दवाखाना उधारीवर चालत नाही, म्हणून एखाद्या फायनान्स कंपनीचे पन्नास हजार उचलले जातात. हप्ते थकतात, वसुलीवाला ओसरीवर येऊन बसतो, शेवटी बैल विकून रक्कम चुकती होते. माणसाला वाटते, सुटलो. दोन वर्षांनी पीककर्जाला जावे तर उत्तर मिळते, "तुमचे सिबिल खराब आहे." फेडलेले कर्ज तिथे थकलेलेच दिसते. पाऊस कुणासाठी थांबत नाही. मग कृषी केंद्राची उधारी, नाहीतर सावकार. एका खोट्या नोंदीची किंमत ही अशी मोजावी लागते.

पीककर्जासाठी सिबिल मागू नका, मागाल तर गुन्हे दाखल करू, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बजावले. चांगले झाले. पण साहेब सिबिलचे नाव न घेता "कागद कमी आहेत" म्हणू शकतो. शिवाय ट्रॅक्टर, विहीर, पोराचे शिक्षण यांच्या कर्जाला तोच रिपोर्ट पाहिला जातो. म्हणून खोटी नोंद मुळातून काढली पाहिजे, असे आमचे मत आहे.

कायदा त्यासाठी आहे, २००५ सालचा. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा आहे. तो काढा. त्यात त्या कर्जाचे खाते शोधा; बाकी किती, थकबाकी किती, शेरा काय, ते पाहा. मग बेबाकी दाखला आणि भरणा पावत्या जोडून दोन अर्ज करा: एक रिपोर्टवाल्या कंपनीकडे, दुसरा कर्ज देणाऱ्या संस्थेकडे. संस्थेने दुजोरा दिल्याशिवाय कंपनी नोंद बदलत नाही, म्हणून दोन्हीकडे. अर्जाच्या नकलेवर तारखेसह पोच घ्या. पोच नसेल तर दिवस मोजता येत नाहीत, आणि सगळा खेळ दिवसांचा आहे. एकूण ३० दिवस. त्यातल्या पहिल्या २१ दिवसांत संस्थेने दुरुस्त माहिती पाठवायची. मुदत उलटली तर २६ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ज्याने उशीर केला त्याने दर दिवसाला १०० रुपये तुम्हाला द्यायचे. अर्ज फेटाळला तर कारण कळवायचे. तिथेही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. तक्रारीला पैसे लागत नाहीत, चौकशीसाठी फोन १४४४८. "सिबिल साफ करून देतो" म्हणणाऱ्या तालुक्याच्या दलालाला एक रुपयाही देऊ नका.

मात्र खऱ्या नोंदीवर तक्रार टिकत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तडजोडीत कमी रक्कम भरली असेल तर "सेटल्ड" हा शेरा खरा आहे. तो घालवायचा तर उरलेली रक्कम भरून "क्लोज्ड" लिहून घ्यावे लागते. हप्ता खरोखर उशिरा गेला असेल तर ते दिवसही राहतात. पण २०१७ किंवा २०१९ च्या कर्जमाफीत बँकेने सरकारकडून तुमची पूर्ण बाकी घेतली आणि रिपोर्टवर थकबाकी तशीच ठेवली, तर ती नोंद खोटीच. अशी खाती आधी तपासा. एकाच नावाचे दोघे गावात असले की एकाचे कर्ज दुसऱ्याच्या नावावर चढते, तेही बघून घ्या.

आमचे भांडण पुढचेच आहे. बँकांनी महिन्यातून दोनदा या कंपन्यांना माहिती द्यायची, असा नियम जानेवारी २०२५ मध्ये लागू झाला. थकलेला हप्ता पंधरवड्यात पोहोचतो, मग फेडलेला का पोहोचू नये? अमेरिकेत दवाखान्याची थकलेली बिले वसुली कंपन्यांमार्फत रिपोर्टवर चढत. तिथल्या तीन मोठ्या कंपन्यांनी १ जुलै २०२२ पासून, बिल फेडले की ती नोंदच काढून टाकायचे ठरवले. इथे फेडणाऱ्यालाच पुरावा घेऊन हिंडावे लागते. आमची मागणी अशी की बेबाकी दाखल्यासोबतच नोंद दुरुस्त केल्याचे लेखी मिळावे, आणि ते १०० रुपये अर्जाच्या नव्हे, शेवटच्या भरण्याच्या तारखेपासून मोजावेत.

मृगाच्या आत काम व्हायचे तर अर्ज एप्रिल संपायच्या आत गेला पाहिजे. जिल्हा बैठकीला येताना रिपोर्ट, दाखला आणि पावत्यांच्या झेरॉक्स आणा. अर्ज तिथेच बसून लिहू.