वादकांनाही हवी रोजगार हमी

अहिल्यानगरजवळच्या नागापूर औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या ऑर्डरी घटल्या की पहिली कुऱ्हाड कंत्राटी कामगारावर पडते. थोड्याच दिवसांत तिचा घाव आसपासच्या वादकांपर्यंत पोहोचतो. पगार आटला की लग्नाच्या खर्चातून आधी बँड जातो, सनई-चौघड्याचे काम मोबाइल करतो, यात्रेची वर्गणी जमत नाही आणि तमाशाची सुपारी रद्द होते. हाल दोघांचेही होतात. पण कामगाराला निदान दाद मागायला एक दार आहे. राज्य कामगार विमा महामंडळाने 2020 मध्ये ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजने’त बदल करून नोकरी गमावलेल्या विमाधारकाला सरासरी वेतनाच्या निम्मी रक्कम, कमाल 90 दिवस, देऊ केली. संबळ, ढोलकी किंवा क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचा मालक रोज वेगळा. त्याची नोकरी सरकारदरबारी कधी लागलीच नाही, मग ती गेल्याचे कोण मानणार?

करोनाकाळाने हे उघडे पाडले. मार्च 2020 मधील टाळेबंदी नेमकी चैत्रातल्या यात्रांच्या तोंडावर आली. दसऱ्याला बाहेर पडणाऱ्या तमाशा फडांची सारी भिस्त याच हंगामावर असते. उचल घेतलेले वादक त्या कर्जात अडकले ते अडकलेच. मे 2021 मध्ये संगमनेरच्या ज्येष्ठ तमाशा कलावंत कांताबाई सातारकर गेल्या. त्याच वर्षी राज्य सरकारने 56 हजार कलाकारांना प्रत्येकी 5 हजार रुपये एकरकमी देण्याचे ठरवले. एकूण आकडा 28 कोटींचा, म्हणून डोळ्यांत भरणारा. पण एकेकाचा वाटा बंदीच्या दिवसांनी भागला, तर दिवसाला दहा रुपयेही पडत नाहीत. वृद्ध कलावंतांचे मानधन 2024 पासून दरमहा 5 हजार झाले, हे स्वागतार्हच. पण ते पन्नाशी उलटलेल्यांसाठी आहे. तिशीतल्या ट्रम्पेटवाल्याने तोवर काय करायचे?

याचे उत्तर महाराष्ट्राने अर्ध्या शतकापूर्वीच शोधले आहे. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर गेली आणि ‘मागेल त्याला काम’ हे सरकारचे कर्तव्य ठरले. तिच्या खर्चासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर आला. नागापूरच्या पगारदारांच्या वेतनचिठ्ठीतही तो दिसतो. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या बेकाराचा भार उचलावा, हा त्यामागचा विचार होता. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दुष्काळी तालुक्यांनी या योजनेतून तलाव, बांध आणि रस्ते उभे राहताना पाहिले. ज्याच्या हातात फावडे त्याला काम मिळाले. ज्याच्या हातात हलगी, त्यानेही फावडेच उचलायचे, असा मात्र अलिखित नियम झाला.

अमेरिकेने महामंदीत हा नियम मोडला. बोलपटांनी थिएटरांतले वाद्यवृंद आधीच बंद पाडले होते, त्यावर मंदी कोसळली. 1935 मध्ये रुझवेल्ट सरकारने ‘फेडरल म्युझिक प्रोजेक्ट’ सुरू करून हजारो वादकांना पगारावर घेतले. मैफली झाल्या, गरीब वस्त्यांत संगीताचे वर्ग चालले, लोकगीतांचे संकलन झाले. वादकांची निवड चाचणी घेऊन होत असे. डीजेच्या भिंतींनी बँड आणि संबळ मागे ढकलले असताना आपल्यालाही दुहेरी बेकारीचाच सामना करायचा आहे.

म्हणून मागणी साधी आहे. लग्नसराई आणि यात्रा संपल्यानंतरच्या चार महिन्यांत नोंदणीकृत वादकाला वर्षातून शंभर दिवस काम द्यावे. जिल्हा परिषदेच्या किती शाळांत संगीत शिक्षक आहेत? आश्रमशाळा, वसतिगृहे, सार्वजनिक ग्रंथालये येथे वादक शिकवू शकतात. संबळाचे, हलगीचे ठेके ध्वनिमुद्रित करून जपणे हेही काम आहे, आणि ते जाणत्यांच्या हयातीतच व्हायला हवे. दिवसाला 600 रुपये धरले, तरी हजार वादकांचा वर्षाचा खर्च 6 कोटी होतो. जिल्ह्याला तो जड नाही.

बोगस कलाकार घुसतील, हा आक्षेप येणारच. प्रमाणपत्रांवर पैसे वाटले तर ते घुसतीलच. पण वर्गात उभे राहून तासभर वाजवायचे असेल, तर बोगसगिरी पहिल्या ठेक्यालाच उघडी पडते. कलेला सरकारी दावणीला बांधू नये, हा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्यावर उपाय म्हणून निवड समितीत पुढाऱ्यांऐवजी जाणते कलावंत असावेत आणि काय वाजवावे हे कार्यालयाने सांगू नये.

जिल्हा नियोजन समितीने यासाठी शासन निर्णयाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. नावीन्यपूर्ण योजनांच्या निधीतून एका तालुक्यात प्रयोग सुरू करावा. त्याआधी ग्रामपंचायती आणि महापालिकेच्या प्रभागांतून वादकांची यादी करावी. कारण यादीत नाव नसलेल्या माणसाला संकटात मदत पोहोचत नाही, हे टाळेबंदीने दाखवून दिले आहे. रोजगार हमी देशाला देणाऱ्या राज्याने ढोलकीवाल्याला पाच हजारांच्या दानावर बोळवण करून घरी पाठवू नये. त्याने काम मागितले आहे, ते द्यावे.