सुगीनंतरचे पीककर्ज

बँकेच्या नोकरीत एक गोष्ट पक्की कळली : पीककर्ज पेरणीआधी हाती पडले तरच उपयोगाचे. सुगी झाल्यावर मंजूर झालेल्या कर्जाने शाखेचे उद्दिष्ट पुरे होते, शेतकऱ्याचे काम होत नाही. तरुण नाटककारांना मिळणाऱ्या पुरस्कारांकडे पाहताना मला हा हिशेब आठवतो.

संगीत नाटक अकादमीने २००६ साली चाळिशीच्या आतील कलावंतांसाठी उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार सुरू केला. संगीत, नृत्य, लोककला यांच्या जोडीने नाट्यलेखनही त्यात येते. हेतू उत्तमच. पण २०१९, २०२० आणि २०२१ या तीन वर्षांचे पुरस्कार नोव्हेंबर २०२२ मध्ये एकदम जाहीर झाले. करोना आडवा आला, हे मान्य. मात्र पुढचे २०२२ आणि २०२३ चे पुरस्कारही फेब्रुवारी २०२४ मध्ये एकत्रच आले. वयाची अट घालायची आणि वर्षे थकीत ठेवायची, हे कसे जमायचे?

रक्कम २०२२ च्या घोषणेत २५,००० रुपये होती. पुरस्कार सुरू झाला तेव्हाच्या २५,००० रुपयांचे मोल सोळा वर्षांनी टिकवायचे, तर दरसाल ६ टक्के चक्रवाढीने सुमारे ६३,५०० रुपये लागतात.

तरीही मोठी अडचण वेगळीच आहे. मी कादंबरी लिहून कपाटात ठेवली तरी ती पूर्ण असते. नाटक तालीम, नट आणि प्रेक्षक मिळेपर्यंत अर्धेच राहते. कुठला विनोद पडला, कुठे प्रेक्षक चुळबुळले, हे लेखकाला प्रयोगातच समजते आणि त्यातूनच त्याचे पुढचे नाटक सुधारते.

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली राज्य नाट्य स्पर्धेसाठी लिहिले गेले. ‘रंगायन’सारखी संस्था, अरविंद देशपांडे यांचे दिग्दर्शन आणि बेणारेबाईंच्या भूमिकेत सुलभा देशपांडे, एवढे बळ त्या संहितेला लाभले. निकाल नंतरचा; त्याआधी स्पर्धेने तारीख दिली आणि रंगमंच दिला.

नव्या नाटककाराच्या पुरस्कारातही हेच हवे : त्याच वर्षी घोषणा, तालमीचा खर्च आणि निदान पाच प्रयोगांसाठी नाट्यगृह. ताम्रपत्र त्यानंतर खुशाल द्यावे.

आपल्याही घरात एखादी मुलगी नाटक लिहीत असेल. बक्षीस मिळाले का, असे तिला विचारण्याऐवजी प्रयोग कधी आहे, ते विचारू या. आणि तिकीट काढून जाऊ या.