झोंबी हसवतात, पाणी घाबरवतं

ग्रुपने हॉरर सिनेमा लावला, की कोणीतरी म्हणतंच, ‘डोकं बाजूला ठेव रे, नुसतं एन्जॉय कर.’ दोस्तांनो, हा सल्ला ऐकू नका. पोट धरून हसतानाही डोकं चालू ठेवता येतं.

आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ घ्या. २०२२च्या २६ जानेवारीला तो थिएटरमध्ये आला. अमेय वाघ, ललित प्रभाकर, वैदेही परशुरामी आणि डोंबिवलीच्या रस्त्यांवर सैरावैरा धावणारे झोंबी. मुलुंडहून लोकलने अर्ध्या तासात पोचावं, अशा ठिकाणी जगबुडी आलीय, यातच निम्मी धमाल आहे. पण पळापळीखालचा प्रश्न साधा आहे. नव्या टॉवरमध्ये पाणी आहे, शेजारच्या वस्तीत नाही. असं का?

हा प्रश्न आपल्याला काही नवा नाही. घाटकोपर-अंधेरी मेट्रोतून असल्फ्याच्या डोंगरावरची रंगवलेली घरं दिसतात. फोटो झकास येतो. तिथल्या नळाला पाणी किती वाजता येतं, हे मात्र खिडकीतून दिसत नाही. जे भाषणात ऐकायचा आपल्याला कंटाळा येतो, ते झोंबी मागे लागला की निमूट ऐकून घेतो. भुताच्या सिनेमाची ताकद ही आहे.

ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी पन्नास वर्षांपूर्वीच ओळखली होती. १९७२च्या ‘ब्लॅक्युला’त एक आफ्रिकन राजपुत्र गुलामांचा व्यापार थांबवायला मदत मागतो. कोणाकडे? थेट ड्रॅक्युलाकडे! ड्रॅक्युला त्याला चावतो आणि वर स्वतःचंच नाव त्याला चिकटवतो. गुलामांना मालकाचं नाव लावायचे, अगदी तसं. १९७४च्या ‘शुगर हिल’मध्ये नायिकेच्या प्रियकराला गोरा गुंड मारून टाकतो. बदल्यासाठी ती मेलेल्या गुलामांनाच जमिनीतून उठवते. त्यांचे चंदेरी डोळे पाहून हसू येतं, मग हातापायांतल्या बेड्या दिसतात. तसाही ‘झोंबी’ हा मूळचा हैतीतल्या गुलामगिरीच्या आठवणीतून आलेला. मेल्यावरही राबणं सुटणार नाही, ही ती भीती. ‘ब्लॅक्युला’ आला त्याच वर्षी आपल्या मुंबईत काही तरुणांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन ‘दलित पँथर’ उभी केली. राग दोन्हीकडे होता. तिकडे त्याचा काही भाग भुताच्या सिनेमात उतरला.

पण या सिनेमांना ‘ब्लॅक्सप्लॉयटेशन’ म्हणतात, ते काही कौतुकाने नाही. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्यांनीच ते टीका म्हणून वापरलं. पडद्यावर आपली माणसं, पण पैसा बहुतेकदा गोऱ्या निर्मात्यांचा, आणि आपल्याला दाखवतात ते गुंड आणि दलाल म्हणून, हा त्यांचा आक्षेप. तो खोटा नव्हता. सिनेमात कोण दिसतं याइतकंच गोष्ट कोण सांगतं, हेही महत्त्वाचं.

हीच फूटपट्टी आपल्यालाही लावू या. ‘झोंबिवली’त वस्तीचा लढवय्या विश्वास आहे, आणि तो भाव खाऊन जातो. तरी आपण गोष्टीत शिरतो ते टॉवरमध्ये राहायला आलेल्या इंजिनीअर सुधीरच्या दारातून. पुढची गोष्ट वस्तीतल्या दारातून सुरू का होऊ नये? पहाटे हंडे घेऊन रांगेत उभ्या असलेल्या पोरीला पहिला झोंबी दिसला तर? ती किंचाळेल, की आधी हंडा भरून घेईल?

हे कोणी मोठा निर्माता करेल याची वाट बघत बसू नका. तुमच्यापैकी कोणी त्या रांगेत उभं राहून मग लेक्चरला येत असेल. त्याच्याकडे गोष्ट आहे, तुमच्याकडे फोनचा कॅमेरा आहे, आणि कॉलेज फेस्टिव्हलची एकांकिका तर दरवर्षी बसवायचीच असते. यंदा भूत आणा. भरपूर हसवा. फक्त गोष्ट ज्याची आहे, त्याला लिहू द्या.